गाडीचे माहेर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी जुन्या सभासदाने काय बोलावे, याचा एक पाठ ठरून गेलेला आहे. पहिला गणपती कोणाच्या दिवाणखान्यात बसला, पहिल्या वर्षी वर्गणी किती जमली, नाटकाच्या पडद्यासाठी कोणाच्या घरची चादर आली, हे सर्व त्याने सांगावे आणि श्रोत्यांनी प्रेमाने ऐकून घ्यावे. ते काम माझ्याआधी बोललेल्या मंडळींनी माझ्यापेक्षा चांगले केले आहे. मी आयुष्यभर विजेच्या मोटारींच्या कामात हात काळे केलेला माणूस आहे. तेव्हा आज मी आपल्याशी गाड्यांच्या दुरुस्तीविषयी बोलणार आहे. विषय प्रसंगाला सोडून आहे असे प्रथम वाटेल. परंतु थोडा धीर धरावा, ही विनंती.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचे अमेरिकेहून एक लांबलचक पत्र आले. त्याने तिकडे एक फिरते घर घेतले आहे. मोटारहोम म्हणतात ते. बसएवढी गाडी, आत झोपायला पलंग, स्वयंपाकाची शेगडी, न्हाणीघर, सर्व काही. या घराच्या छतातून पाणी झिरपू लागले. त्याने तीन ठिकाणी दाखविले. एकाने खिडकीचे रबर बदलले, दुसऱ्याने छताला लेप दिला, तिसऱ्याने दोन्ही कामे पुन्हा केली. आणि पुढच्या पावसात पलंगावर पाणी पुन्हा ठिबकले. शेवटी तो दोन दिवस गाडी हाकीत इंडियाना राज्यातील एल्कहार्टच्या परिसरात गेला. अमेरिकेतील अशी बहुतेक फिरती घरे त्याच भागातील कारखान्यांत तयार होतात आणि त्यांतले काही कारखाने जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्या दुरुस्तीसाठीही घेतात. रात्री गाड्या कारखान्याच्या आवारातच उभ्या करायच्या, वीज-पाण्याच्या नळ्या जोडून तेथेच झोपायचे आणि भल्या पहाटे कामगार किल्ली न्यायला आला की आपले घर त्याच्या स्वाधीन करून बाकावर बसून राहायचे, अशी तेथील रीत.

भाच्याची गाडी ज्याने पाहिली, त्याने छताकडे पाहिलेच नाही. तो बाजूच्या एका पट्टीपाशी गेला, बोटाने तिच्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, या पट्टीखाली एक स्क्रू आहे. त्या काळात आम्ही तो थोडा तिरपा बसवीत असू. दुपारी घर परत मिळाले. भाच्याने पत्राच्या शेवटी लिहिले होते, "मामा, गाडी माहेरी आल्यासारखी वाटली."

या एका वाक्याने मी बराच वेळ विचारात पडलो. माहेर म्हणजे तरी काय? सासरी मुलीला काय होते आहे, हे वैद्याला विचारून कळत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळत नाही. ती माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकते, आणि आई तोंडाकडे पाहून म्हणते, "जेवत नाहीस वाटतं?" जिने घडविले तिला बिघाड शोधावा लागत नाही. घडण ठाऊक असते, म्हणून बिघाड दिसतो.

आता यासाठी अमेरिकेला जावयास नको. या आपल्या कलकत्त्यात (२००१ पासून शहराचे अधिकृत नाव कोलकाता असले, तरी माझ्या पिढीच्या तोंडून कलकत्ताच येते, त्याबद्दल क्षमा असावी) अशा माहेराची वाट एस्प्लनेडवरून जात असे. एस्प्लनेड म्हणजे किल्ला आणि वस्ती यांच्यामध्ये राखलेली मोकळी जागा. मुंबईकरांनाही हा शब्द परका नाही. तेथेही कोटाबाहेरच्या मैदानाला एस्प्लनेडच म्हणत आणि आजचा महात्मा गांधी मार्ग पूर्वी एस्प्लनेड रोड होता. आपल्या इथल्या एस्प्लनेडला बंगाली माणूस धर्मतला म्हणतो. २७ मार्च १९०२ रोजी या शहरातील विजेवर चालणारी पहिली ट्राम एस्प्लनेडवरूनच खिदिरपूरला गेली. त्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम निघाली होती. ती त्याच वर्षी बंद पडली. मग १८८० साली कंपनी स्थापन झाली, पुन्हा घोडे आले, मधे वाफेच्या इंजिनाचा प्रयोग झाला आणि शेवटी वीज आली. भुयारी मेट्रोही देशात प्रथम धावली ती २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, एस्प्लनेड ते भवानीपूर. चाकांच्या इतिहासात या चौकाचे नाव असे वारंवार येते.

मी १९७४ च्या डिसेंबरात नागपूरमार्गे येणाऱ्या मेलने हावड्याला उतरलो. तेव्हा ट्राम हावडा पुलावरून जात असे. १९९३ मध्ये ते बंद झाले. पुढचा डबा पहिल्या वर्गाचा, त्यात पंखे. मागचा दुसऱ्या वर्गाचा, त्यात पंखे नाहीत आणि भाडे थोडे कमी. मी अर्थातच मागच्या डब्यात. नवीन शहरात भाषा येत नाही, ओळख नाही. पण चालकाच्या पायाखालची ती घंटा, तारेवरून घासत जाणारा तो दांडा आणि हलत्या लाकडी बाकांचा आवाज यांनी मला धीर दिला, हे मी आजही विसरलेलो नाही.

पुढे आठ वर्षांनी, १९८२ च्या सुमारास, कामाच्या निमित्ताने मला नोनापुकुरला जावे लागले. आचार्य जगदीशचंद्र बसू रस्त्यावरचे हे ट्रामचे जुने वर्कशॉप आपल्यापैकी पुष्कळांनी बाहेरून पाहिले असेल. एस्प्लनेडवरून लेनिन सरणीने निघायचे, वेलिंग्टनच्या चौकातून रफी अहमद किडवाई रस्त्याला लागायचे आणि इलियट रोडने नोनापुकुरला पोहोचायचे. ट्रामची किरकोळ देखभाल ज्या त्या डेपोत होई. मोठे दुखणे असले की गाडी नोनापुकुरला. आणि नोनापुकुर हे नुसते इस्पितळ नव्हे. ट्रामचे डबे तेथेच बांधलेही जात. ज्या छपराखाली गाडीचा सांगाडा उभा राहिला, त्याच छपराखाली ती दुरुस्तीला परत येई.

ट्रामची रचना थोडक्यात सांगतो. डोक्यावरच्या तारेत साडेपाचशे व्होल्ट दाबाची एकदिश वीज असते. दांड्यावाटे ती खाली येते, मोटारींतून फिरते आणि चाकांवाटे रुळांत उतरून परत जाते. चालकाच्या हातातील मूठ एकेक घर पुढे सरकते, तसा गाडीचा वेग वाढतो. चाकाला बैलगाडीच्या चाकासारखी पोलादी धाव असते. एकदम ब्रेक लागला, चाक फिरायचे थांबून घसरले, की धावेचा तेवढा भाग घासून सपाट होतो. मग प्रत्येक फेऱ्याला 'टक्' असा आवाज येतो. तो दुर्लक्षिला, तर हादरे मोटारीला बसतात, सांधे सैल होतात, रुळांनाही इजा पोहोचते. उपाय एकच: चाके काढायची, लेथवर चढवायची आणि धाव पुन्हा गोल करायची. मोटारीचे आर्मेचर जळले असेल, तर जुनी तार उलगडून नवी गुंडाळायची. मूळ यंत्रसामग्री विलायतेची. तिकडच्या त्या कारखान्यांनी असले भाग करणे केव्हाच सोडून दिलेले. तेव्हा बुश असो, ब्रेकचा ठोकळा असो, खिडकीची लाकडी चौकट असो, अनेक वस्तू येथेच घडवाव्या लागत. ट्रामचा सुटा भाग चांदणी बाजारात विकत मिळत नाही.

तेथे एका वयस्क मिस्त्रींची व माझी ओळख झाली. सगळे त्यांना मिस्त्रीदा म्हणत. मीही म्हणू लागलो. एकदा संध्याकाळी आम्ही दोघे एस्प्लनेडच्या डेपोत चहा घेत उभे होतो. एक गाडी वळणावरून आत आली. मला काहीच निराळे वाटले नाही. मिस्त्रीदांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मागच्या डब्याचे दुसरे चाक. चार दिवसांत नोनापुकुरला येईल." मी विचारले, हे कसे कळले? ते हसून म्हणाले, "गाडी कॉथा बॉले." गाडी बोलते. आणि खरोखरच त्या आठवड्यात ती गाडी आली, चाकही तेच.

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा वर्ष-दीड वर्ष राहिले होते. मी त्यांना विचारले, "तुमच्यामागे हे काम कोण करणार?" मला वाटले होते, ते वरिष्ठांना नावे ठेवतील, नव्या पोरांना नावे ठेवतील. ते म्हणाले, "गाडी येत राहिली, तर माणूस आपोआप तयार होतो. महिनाभर गाडी आली नाही, तर माझेसुद्धा कान विसरतात."

बंधुभगिनींनो, आज मला जे सांगायचे आहे ते सर्व या उत्तरात आहे. पण त्याआधी आणखी एका गाडीची आठवण करून देतो.

गंगेच्या पलीकडे उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना होता. ॲम्बॅसिडर तेथे जन्मली, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. २०१४ च्या मे महिन्यात तेथील काम थांबले. म्हणजे त्या गाडीचे माहेर बंद झाले. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे पिवळी टॅक्सी या शहरात फिरत राहिली. कशी? कारण ॲम्बॅसिडर दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी होता. तिचा प्रत्येक भाग बाजारात मिळे; नाही मिळाला, तर दुसऱ्या गाडीचा कापून बसवला जाई. गाडी इतकी पसरली होती की तिला कारखान्याची गरजच उरली नव्हती. सगळा देश तिचे वर्कशॉप झाला होता.

ट्रामचे तसे नाही. तिच्यासाठी गल्लीत मिस्त्री नाही. तिला नोनापुकुर आहे, नाहीतर काही नाही.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. पुण्यात, सांगलीत, नागपुरात मराठी भाषा ही ॲम्बॅसिडर आहे. तेथे मुलाचे एखादे क्रियापद चुकले, तर भाजीवाली सुधारते, रिक्षावाला सुधारतो, शेजारच्या आजी हसून सुधारतात. कोणी खास दुरुस्ती करीत नाही, आणि तरी ती रोज होते. येथे, इतक्या दूरवर, आपली मराठी ही ट्राम आहे. तिची 'टक्' कोणाला ऐकू येत नाही. शाळेत इंग्रजी, मैदानावर बंगाली, बाजारात हिंदी. ज्यांना तिची घडण ठाऊक आहे असे कान फक्त दोन ठिकाणी: आपल्या घरात आणि या मंडळात. मंडळ हे आपले नोनापुकुर आहे.

आणि येथे मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. या मंडळाचा कार्यवाह असताना, १९९० च्या दशकात, रविवारचा मराठी वर्ग मी बंद केला. कारण अगदी व्यवहाराचे होते. मुले पाच उरली होती, बाई थकल्या होत्या, खोलीला भाडे पडत होते. मी सभेत म्हणालो, "एक वर्ष थांबवू; मुले वाढली की पुन्हा सुरू करू." माझ्या सूचनेला कोणी विरोध केला नाही. ते एक वर्ष नऊ वर्षांचे झाले. पुन्हा वर्ग सुरू केला, तेव्हा मुले चौदा आली. शिकवायला मात्र कोणी नव्हते. बाई आपल्या मुलाकडे बंगलोरला गेल्या होत्या. त्यांनी स्वतः तयार केलेल्या वाचनाच्या तक्त्यांचा गठ्ठा कोणत्या घरच्या माळ्यावर गेला, हे अद्याप कळलेले नाही. बंगाली बोलणाऱ्या मुलाला 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतला भेद कसा समजवावा, याची त्यांची स्वतःची एक युक्ती होती. बंगाली क्रियापदाला पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते, त्यामुळे आमची मुले नेमकी तेथेच अडतात. ती युक्ती त्यांच्याबरोबर गेली. गाडी आली नाही, आणि कान विसरले.

त्या नऊ वर्षांत माझा स्वतःचा मुलगा सहा वर्षांचा होता तो पंधरा वर्षांचा झाला. तो मराठी समजतो; माझ्याशी बोलतोही. पण २०११ मध्ये माझी आई गेली, तेव्हा तिच्या पेटीत सापडलेली पत्रे त्याने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "बाबा, आजीने मला काय लिहिलं होतं, ते वाचून दाखवता?" पत्रे त्याच्या नावाची होती. आईने लिहून ठेवलेली, न पाठविलेली. मी वाचून दाखविली. त्याहून अधिक काही सांगत नाही.

कोणी म्हणेल, यात एवढे दुःख कसले? माणसे नव्या भूमीत रुजतात, तिची भाषा घेतात. हेही चांगलेच आहे. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. सखाराम गणेश देउस्कर हे मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म १८६९ चा. त्यांनी बंगालीत लिहिले, आणि १९०४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालभर वाचले गेले. पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालने त्यांना आपला मानले, आणि आपल्यालाही त्यांचा अभिमान आहे. परंतु त्यांनी शिवछत्रपतींचा इतिहास बंगाली वाचकांपर्यंत पोहोचविला, तो मराठीशी नाते राखले म्हणून. त्यांच्याजवळ दोन भाषा होत्या. एक गमावून दुसरी मिळविलेली नव्हती. आमच्या मुलांनी उत्तम बंगाली बोलावे, बंगालीत लिहावे, अशीच माझी इच्छा आहे. केवळ आजीचे पत्र त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये, एवढेच मागणे आहे.

ट्रामचे पुढे काय झाले, हे आपण पाहतोच आहोत. मुंबईची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. २०१६ साली बेस्टला मुंबईकरांना दाखविण्यासाठी एक ट्राम हवी झाली, तेव्हा ती कलकत्त्याहून न्यावी लागली. येथे एस्प्लनेडच्या डेपोतही १९३८ सालच्या एका जुन्या गाडीत २०१४ पासून 'स्मरणिका' नावाचे छोटे संग्रहालय झाले. ट्रामची दीडशे वर्षे २०२३ च्या फेब्रुवारीत एस्प्लनेडला साजरी झाली. हार घातले, दिवे लावले, जुन्या गाड्या मिरवल्या. आणि २०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने जाहीर केले की, एस्प्लनेड ते मैदान एवढा एक फेरा वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करण्यात येईल. ट्रामप्रेमी मंडळी न्यायालयात गेली आहेत. या सगळ्यातून मी एवढेच शिकलो की, समारंभ थाटात झाला म्हणजे गाडी चालत राहील, असे नाही.

म्हणून आजच्या या मंगल प्रसंगी, हे हार आणि ही रोषणाई पाहताना, माझ्या मनात थोडी धाकधूक आहे. कार्यकारिणीपुढे पुढील महिन्यात एक ठराव येणार आहे, हे आपणांस ठाऊक आहे. रविवारच्या वर्गात सध्या सहा मुले आहेत. तो एक वर्ष स्थगित ठेवावा, आणि ग्रंथालयाची दोन कपाटे जागेअभावी रिकामी करावीत, असा तो ठराव. ज्यांनी तो मांडला आहे, ती मंडळी माझ्या परिचयाची आहेत. त्यांचा हेतू शुद्ध आहे, हिशेबही बरोबर आहे. माझाही हिशेब तेव्हा बरोबरच होता. एवढे मी त्यांना हात जोडून सांगतो की, 'एक वर्ष' हे शब्द मी यापूर्वी उच्चारले आहेत.

नुसता विरोध करून मी खाली बसणार नाही. वर्गाच्या खोलीचा खर्च पुढील तीन वर्षे आम्ही चार जुने सभासद वाटून घेऊ. तसे मी अध्यक्षांना लेखी दिले आहे. शिकविण्यासाठी एका व्यक्तीवर भार न टाकता दर रविवारी दोघांनी बसावे. एकाने शिकवावे, दुसऱ्याने पाहून शिकावे, म्हणजे मिस्त्रीमागे मिस्त्री तयार होईल. जी पद्धत ज्याला साधली, ती त्याने वहीत लिहून ठेवावी आणि ती वही मंडळाच्या कपाटात राहावी. कपाटे रिकामी करावयाची असतील, तर आधी त्यांतील पुस्तकांची यादी व्हावी आणि प्रत्येक पुस्तक कोणत्या घरी जाते, हे नोंदले जावे. माझ्या घरी एका कपाटाला जागा आहे.

मिस्त्रीदा आता हयात नाहीत. त्यांच्यानंतर नोनापुकुरला मी फारसा गेलो नाही. पण एस्प्लनेडच्या वळणावर ट्राम आली, की आजही उगाच कान देतो. मला त्यातले काही कळत नाही. परंतु आपल्या वर्गातल्या एका लहान मुलीने गेल्या रविवारी मला सांगितले, "आजोबा, मी काल मामाकडे गेलो." ती 'टक्' मात्र मला स्पष्ट ऐकू आली. मी तिला म्हटले, "गेले म्हण, बाळ." ती थांबली, मनाशी पुटपुटली आणि म्हणाली, "मी गेले."

या दुरुस्तीला अर्धा मिनिट लागला. तेवढ्या कामासाठी हे मंडळ आणखी पन्नास वर्षे उघडे राहावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.